सूचना : झाडांविषयी सल्ला विचारताना आणि देताना

सभासदहो, नमस्कार.

नुसतं ‘जास्वंदीला काय झालंय?’ असं विचारलं की दहा जण दहा औषधं सांगतात आणि त्या भडिमारात झाड हकनाक मरतं. म्हणून पानाच्या मागच्या बाजूचा फोटो टाका. मावा, पिठ्या ढेकूण यांसारख्या किडी बऱ्याचदा तिथेच दडून बसतात. ऊन किती तास मिळतं, पाणी कधी घालता, कुंडीचं भोक मोकळं आहे का, हेही लिहा. पानं पिवळी पडण्यामागे बऱ्याचदा जास्तीचं पाणीच असतं.

सांगणाऱ्यांनी स्वतः करून पाहिलेलंच सांगावं, तेही मापासकट. ‘कडुनिंबाचं तेल मारा’ हे अर्धवट झालं. १ लिटर पाण्यात ५ मिली तेल, दोन-चार थेंब द्रव साबण, ऊन उतरल्यावर फवारणी, तीही आधी एकाच फांदीवर, असं लिहिलं तर नवख्यालाही जमतं. रासायनिक औषधाचं प्रमाण मात्र अंदाजाने सांगू नका. बाटलीवरचं लेबल वाचायला सांगा.

‘एवढंही माहीत नाही?’ हे वाक्य आपल्याकडे अजिबात चालणार नाही.

ज्यांनी सल्ला घेतला, त्यांनी पंधरा दिवसांनी झाड कसं आहे ते जरूर कळवा. उपाय लागू पडला नसेल तरीही.

– व्यवस्थापक