दोन स्टेशने पलीकडे

नौपाडा, ठाणे
१२ डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे हॅनोव्हरहून आलेले पत्र मिळून दोन महिने होत आले. उत्तराला उशीर झाला याचे कारण तुझ्या पत्रातला प्रश्नच आहे. धाकटी वेगळी राहायला लागली हे तुला हिच्याकडून कळले आणि तू काळजीने विचारलेस, "घरात काही झाले का?" घरात काहीही झालेले नाही. पण ज्याचा स्वतःचा मुलगा एकोणिसाव्या वर्षी लाइपझिगला खोली घेऊन राहायला गेला, त्या तुलाही पहिला प्रश्न हाच सुचावा, याचा मी बरेच दिवस विचार करत राहिलो.

तू ठाणे सोडलेस तेव्हा ठाणे-वाशी लोकल नव्हती. ती २००४ साली सुरू झाली. ठाण्याहून निघाले की आता आधी दिघा गाव लागते आणि मग ऐरोली. धाकटीचे ऑफिस ऐरोलीत आहे आणि तिने भाड्याने घेतलेली जागाही ऐरोलीतच आहे. आमच्या घरापासून स्टेशन चालत दहा मिनिटांवर आणि पुढे गाडीत दहा-बारा मिनिटे. तेव्हा "प्रवासाची दगदग होते" असे सांगण्याचीही सोय तिने आम्हाला ठेवली नाही. ती सव्वीस वर्षांची आहे. तिने एका रविवारी सकाळी चहा घेताना शांतपणे सांगितले, "बाबा, मला माझे घर स्वतः चालवून पाहायचे आहे." मी तिला कारण विचारले, तेव्हा तिने हेच वाक्य पुन्हा सांगितले.

मला खरी अडचण आली ती लोकांना सांगताना. आपल्या भाषेत "वेगळे राहणे" हा शब्दप्रयोगच भांडणाच्या पोटी जन्मला आहे. भाऊ वेगळे झाले, सून वेगळी निघाली, चुली वेगळ्या मांडल्या, यातले एकही वाक्य उच्चारले की ऐकणारा आवाज खाली आणतो. शिक्षणासाठी पुण्याला गेली, नोकरीसाठी बंगळुरूला गेली, लग्न होऊन सासरी गेली, ही सगळी जाणी आपल्याला मान्य आहेत, कारण त्यांना बाहेरचे कारण आहे. कारणावाचून गेलेल्या माणसाला आपल्याकडे शब्द नाही. वाण्याच्या दुकानात एकदा माझ्या तोंडून "ती हल्ली ऐरोलीला वेगळी राहते" असे निघून गेले आणि तिथे उभ्या असलेल्या आमच्या इमारतीतल्या काकूंनी माझ्या दंडावर हात ठेवला. त्यांचा हेतू चांगला होता. तरी तो हात मला दिवसभर जाणवत राहिला.

तू मला एकदा सांगितले होतेस की जर्मनीत घरी बसून राहणाऱ्या तरुणाला "घरट्यात बसून राहिलेले पिल्लू" अशा अर्थाचा शब्द आहे आणि अशा घराला "हॉटेल मामा" म्हणतात. (तिथे मामा म्हणजे आई, हे मला त्या दिवशी कळले.) इटलीत २००७ साली तिथले अर्थमंत्री पादोआ-स्किओप्पा यांनी आई-वडिलांकडे राहणाऱ्या मोठ्या मुलांना "बांबोच्चिओनी", म्हणजे मोठाली बाळे, असे म्हटले आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. जपानमध्ये यामादा मासाहिरो या समाजशास्त्रज्ञाने नोकरी करून आई-वडिलांच्या घरात राहणाऱ्या अविवाहितांना "पॅरासाइट सिंगल", म्हणजे परोपजीवी, असे नाव दिले. म्हणजे तिकडे जो राहतो त्याला नाव ठेवले जाते आणि आपल्याकडे जो जातो त्याला. गंमत अशी की ज्या इटलीच्या मंत्र्याने मुलांना नावे ठेवली, तिथली मुले आजही साधारण तिशीपर्यंत घरीच असतात. युरोपीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२२ सालच्या आकड्यांनुसार घर सोडण्याचे सरासरी वय फिनलंडमध्ये २१.३ आणि क्रोएशियात ३३.४ वर्षे होते; सगळ्या युरोपीय संघाची सरासरी २६.४. आमची धाकटी नेमकी त्या सरासरीवर येते, पण काकूंना हे सांगून काय उपयोग?

"परदेशात अठरा पूर्ण झाली की पोरांना बाहेर काढतात" हे मीही वर्षानुवर्षे बोलत आलो. तुझ्या पत्राने तो समज गेला. मुलाचे व्यवसायाचे पहिले शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याचा खर्च आई-वडिलांनी उचलावा असे तिथला नागरी कायदा सांगतो, शिकणाऱ्या मुलासाठी सरकारचा बालभत्ता पंचविशीपर्यंत मिळतो, आणि ज्यांना घरून पुरेसे मिळू शकत नाही त्यांच्यासाठी १९७१ पासून सरकारची योजना आहे; त्यात आता कॉलेजात शिकणाऱ्यांना साधारणपणे अर्धे अनुदान आणि अर्धे बिनव्याजी कर्ज मिळते. म्हणजे तुझा मुलगा घराबाहेर राहिला, पण तुझ्या हाताबाहेर गेला नाही. आपल्याकडे ज्याला "स्वतःच्या पायावर उभे राहणे" म्हणतात, त्याला तिथे कायद्याने एक काठीही दिलेली आहे. आमच्या मुलीकडे काठी होती ती फक्त तिचा पगार आणि तीन वर्षांची बचत.

जागा मिळवताना तिला जे सोसावे लागले त्याचा मला अजून राग येतो. एका सोसायटीत दलालाने सगळे ठरवले, टोकन दिले, आणि मग कार्यकारिणीच्या सभासदांनी सांगितले की आम्ही फॅमिलीलाच जागा देतो. दुसऱ्या ठिकाणी वडिलांचे संमतीपत्र मागितले. आपल्याकडे १८७५ च्या कायद्याने अठरा वर्षांचे माणूस सज्ञान होते; ही सव्वीस वर्षांची, आयकर भरणारी, आणि तिच्या राहण्याला माझी लेखी परवानगी हवी! मी ते पत्र लिहायला बसलोही होतो. तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही संमती देऊ नका. साक्षीदार म्हणून या."

आणि मी साक्षीदार म्हणून गेलो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. हल्ली त्यासाठी माणूस लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो. मालकीणबाईंचा अंगठा झाला, धाकटीचा झाला, तिच्यासोबत राहणाऱ्या दोघी मैत्रिणींचे झाले. माझा अंगठा यंत्र घेईना. दोनदा पुसला, ओल्या रुमालाने पुसला, तेव्हा चौथ्यांदा हिरवा दिवा लागला. तेवढ्या वेळात मी पडद्यावरचा मजकूर वाचत होतो. तिच्या नावापुढे "कायमचा पत्ता" म्हणून आमच्या नौपाड्याच्या घराचा पत्ता होता. करार अकरा महिन्यांचा होता.

तिच्या दोघी मैत्रिणींपैकी एक त्रिशूरची आहे आणि दुसरी शिलाँगची खासी. या दुसरीने मला जे सांगितले ते तुला मुद्दाम कळवतो. खासी लोकांत कूळ आईकडून चालते आणि वाडवडिलांचे घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जाते. तिला "का खद्दुह" म्हणतात. आई-वडिलांना सांभाळायचे तिने, घरचे धर्मकृत्य तिने, आणि लग्न झाले की नवरा तिच्या घरी येतो. ही मुलगी तिच्या घरची धाकटी आहे. "अंकल, मला कुणी जायला सांगत नाही, मला परत कधी येतेस एवढेच विचारतात," असे ती म्हणाली. तिच्यासाठी एक घर आधीपासून ठरलेले आहे, आणि आमच्या धाकटीला आपण लहानपणापासून "परक्याचे धन" म्हणत आलो. दोघी एकाच स्वयंपाकघरात भात लावतात. मला त्या दिवशी जेवण गेले नाही, मित्रा.

थोरलीची पाठवणी तुला आठवते. लग्न होऊन ती सांगलीला गेली तेव्हा दोनशे माणसांसमोर मी रडलो आणि कुणाला त्यात वावगे वाटले नाही. धाकटी गेली तेव्हा खाली एक छोटा टेम्पो उभा होता आणि त्यात एक गादी, एक कपाट, कुकर आणि पुस्तकांची चार खोकी होती. ही दाराशी घुटमळत राहिली. ओटी भरावी तर ती सवाष्ण नव्हे. शेवटी हिने तिच्या हातावर परीक्षेला जाताना घालायची तसे दही-साखर घातले. लेकीने आपणहून घर सोडण्यासाठी आपल्या पूर्वजांनी एखादा विधी ठेवला असता, तर आम्ही दोघांनी तो मनापासून केला असता.

तू लिहिले होतेस की मुलाच्या खोलीवर पहिल्यांदा जाताना तिथल्या रीतीप्रमाणे तुम्ही पाव आणि मीठ घेऊन गेलात. ते मी हिला वाचून दाखवले होते. ऐरोलीच्या घरी जाताना हिने पिशवीत मिठाचा पुडा आणि दुधाची पिशवी घेतली. गॅस अजून आला नव्हता, म्हणून इंडक्शनच्या शेगडीवर पातेले ठेवले आणि आम्ही सगळे ओट्याभोवती उभे राहून दूध उतू जाण्याची वाट पाहू लागलो. साय फुगली, काठावर आली आणि ओघळली, तशी शेगडी शिटी देऊन बंद पडली. त्रिशूरची मुलगी म्हणाली, आमच्याकडेही गृहप्रवेशाला दूध असेच उतू घालवतात. हिने ओटा पुसला आणि उरलेल्या दुधाचा चहा केला.

राहिला प्रश्न शब्दाचा. तो आईने सोडवला. ती आता चौऱ्याऐंशीची आहे. ऐकू कमी येते, पण घरातले काही सुटत नाही. परवा काकूंनी तिच्यासमोरच पुन्हा विषय काढला, तेव्हा आई म्हणाली, "वेगळी कशाला राहील? पोरीने ऐरोलीत बिऱ्हाड केलंय." मी चमकून पाहिले. माझे वडील राजापुराकडून आले, तीन वर्षे खाणावळीत जेवले, आणि लग्नानंतर आईला घेऊन त्यांनी नौपाड्यात बिऱ्हाड केले, हे वाक्य मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकले आहे. तो शब्द आईने स्वतःच्या संसारातून काढून बिनलग्नाच्या नातीला देऊन टाकला. काकूही "असं होय," म्हणाल्या आणि भाड्याची चौकशी करू लागल्या.

तेव्हा आता कुणी विचारले तर तूही हेच सांग. जानेवारीत येशील तेव्हा एक संध्याकाळ मोकळी ठेव. धाकटीने तुला बिऱ्हाडी जेवायला बोलावले आहे. येताना तिच्यासाठी तिकडचे मीठ आण, असे हिने लिहायला सांगितले आहे. वहिनींना नमस्कार आणि मुलाला आशीर्वाद.

तुझाच,
नौपाड्याचा मित्र