पुण्यातले सेमिनार खानदेशातल्या पोरांनाही ऐकू द्या

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

मी चाळीसगाव तालुक्यात फिजिक्स शिकवतो. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या दोन संस्था शेजारी शेजारी आहेत आणि तिथे नेमाने रिसर्च सेमिनार होत असतात, म्हणजे देशातला-परदेशातला कुणी संशोधक येतो, आपलं सध्या चालू असलेलं काम तासभर मांडतो आणि मग समोरचे लोक प्रश्न विचारून विचारून त्याला भंडावून सोडतात. यातलं बरंच काही आता घरबसल्या यूट्यूबवर बघता येतं. पण जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत एमएस्सीच्या पोरांना विचारून बघा, बहुतेकांना हे असतं हेच माहीत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक उदाहरण देतो. 2023 च्या जानेवारीत बातमी आली होती की नारायणगावजवळ खोडदला जी जीएमआरटी ही रेडिओ लहरी पकडणारी दुर्बीण आहे तिने 880 कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेतल्या, म्हणजे गॅलेक्सीतल्या, हायड्रोजनचा सिग्नल पकडला. बातमी वाचून पोरं म्हणतात, वा भारी, आणि विषय संपतो. खरी मजा पुढे आहे. हायड्रोजनची रेडिओ लहर निघते 21 सेंटीमीटर लांबीची, इथे पोचेपर्यंत विश्व पसरत गेल्यामुळे ती साधारण 48 सेंटीमीटरची होते, आणि मध्ये दुसरी एक दीर्घिका भिंगासारखी आडवी आली म्हणून सिग्नल तीसेक पट वाढला, नाहीतर तो सापडलाच नसता. मग हा सिग्नलच आहे, मोबाईल टॉवरचा वगैरे गोंगाट नाही, हे कशावरून? हा प्रश्न सेमिनारमध्ये कुणीतरी विचारतोच. ग्राफवरच्या एका टेकाडावर बोट ठेवून दहा दहा मिनिटं वाद चालतो, कधी बोलणारा मोठा माणूस सरळ सांगतो की हे अजून तपासलं नाही, बघून कळवतो. आमच्या पोरांनी हे बघायला पाहिजे हो! पुस्तकात सगळं आधीच सिद्ध झालेलं असतं, त्यामुळे त्यांना वाटतं प्रश्न विचारणं म्हणजे आपलं अज्ञान दाखवणं.

अडचणी आहेत, नाही असं नाही. भाषणं इंग्रजीत, घरी अहिराणी, वर्गात मराठी, पहिली पंधरा मिनिटं समजतात आणि पुढचं डोक्यावरून जातं. पण सोबत शिक्षक बसला, मध्ये मध्ये थांबवून समजावलं तर जमतं, मी वर्गात करून पाहिलंय, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून पोरं स्वतःच थांबवा म्हणायला लागतात. आयुका 1988 साली यूजीसीने काढली तीच मुळी विद्यापीठं-कॉलेजांसाठी, नारळीकर सरांनी ती तशीच उभी केली, तेव्हा आपण हक्काने फायदा घ्यायला काय हरकत आहे?

आणि आपल्या भागाला हे काही नवीन नाही. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, 1207 सालचा शिलालेख आहे त्याचा, आणि त्यात लिहिलंय की पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा त्या मठाला द्यायचा. बाजारातल्या पैशावर इथे ज्योतिष-गणित शिकवलं जात होतं! आज साधा प्रोजेक्टर आणि नेट मागितलं तर बजेट नाही असं उत्तर मिळतं.

म्हणून विनंती अशी आहे. आपल्या जळगावच्या विद्यापीठाने पंधरा दिवसांतून एक सेमिनार निवडावा आणि सगळ्या कॉलेजांना त्याची लिंक व दोन पानी मराठी टिपण आधी पाठवावं. दुपारी प्रॅक्टिकल असतात आणि तालुक्याला लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे लाइव्हच पाहिजे असा हट्ट नाही, रेकॉर्डिंग चालेल. आणि आपल्या पेपरने जिल्हा पानावर सेमिनारचा विषय आणि वेळ तेवढी छापावी, चार ओळींची जागा पुरेल. टिपणं लिहायला मी आणि माझे दोन-तीन सहकारी तयार आहोत.

आपला,
एक शिक्षक, चाळीसगाव