त्या फिसकन हसण्याबद्दल

लीड्स

ती. आई व ती. दादांस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते. कॅमेऱ्यात वाळलेली दिसते, एवढंच.

आई, रविवारी तू विचारलंस, 'तिथं लोक तुला हसतात का गं?' नाही हसत. झालं ते इतकंच, की वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर रिटायर झाल्या. त्यांच्या कार्डावर मी लिहिलं, माझ्या प्रत्येक विनोदावर तुम्ही 'स्निगर' करायचात. दाबलेलं हसू म्हणजे स्निगर, असं मी पाठ केलेलं. कार्ड हातोहात फिरलं, अन् एकीच्या नाकातून फिस्स आलं. तेच स्निगर!

हसू दाबलेलं खरं, पण त्यात कुचकेपणा लागतो. कुणाची फजिती, नाहीतर काहीतरी चावट. गालातल्या गालात मायेनं हसलं तर 'चकल', पोरी खुदूखुदू हसल्या तर 'गिगल'. मला चकल लिहायचं होतं. आपलं 'मला हसली' आणि 'माझ्याकडे बघून हसली' एवढ्यावर भागतं, यांना दर हसण्याला वेगळं क्रियापद. अमेरिकेत स्निगरलाच 'स्निकर' म्हणतात, आणि घोड्याच्या हलक्या खिंकाळण्यालाही. दादा, मी आणलेलं शेंगदाण्याचं चॉकलेट आठवतं, स्निकर्स? ते नाव मालकांच्या घोड्याचं. इथं मात्र ते १९९० पर्यंत 'मॅरेथॉन' म्हणून विकायचे. असो. सिस्टरनी कार्ड घरी नेलं, रागावल्या नाहीत.

कोरेगावच्या स्थळाचा फोटो दाखवलास तेव्हा मी हसले, ते गिगल होतं. बॉनेटवर हात, कपाळावर गॉगल, मागं अख्खा अजिंक्यतारा. हसू येणारच ना? बरं, थोडं स्निगर होतं. मावशी शेजारी बसलीय हे मला दिसलं नाही. तिला सांग, नेटवर्कचा आवाज होता. आणि मोती चौकातून कंदी पेढे आणून ठेवले होतेस, हे तू नाही, ताईनं सांगितलं.

चाळीस हजार पाठवलेत. दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन याच महिन्यात उरका, 'पोरगी येऊ दे' म्हणून थांबू नका. दिवाळीची रजा नाही मिळाली. मी उशिरा मागितली, चूक माझीच.

मुलाचा नंबर पाठव. बोलेन. गॉगलचा विषय काढणार नाही.

तुमची,
धाकटी