परीक्षक क्रमांक 2 यांना

आदरणीय परीक्षक,
सादर नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि नियमाप्रमाणे ते कळणारही नाही. संशोधनाच्या निधीसाठी केलेल्या माझ्या अर्जावरच्या अभिप्रायात तुम्ही फक्त 'परीक्षक क्रमांक 2' आहात. पत्ता नसलेल्या माणसाचे आभार उघडपणेच मानावे लागतात.

नवजात शिशुतज्ज्ञ म्हणून माझं शिक्षण तेव्हा नुकतंच संपलं होतं. विषय होता नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस, म्हणजे एनईसी. ज्यांनी हा आजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कमी दिवसांचं, दीड किलोच्या आतलं बाळ दोन-तीन आठवडे तग धरतं, नळीतून दूध पचवू लागतं, आई पहिल्यांदा जरा हसते. आणि एखाद्या रात्री त्याचं पोट फुगतं, हिरवी उलटी होते, शीतून रक्त जातं. एक्स-रेमध्ये आतड्याच्या भिंतीत वायूचे बुडबुडे दिसतात. काही तासांत आतड्याचा तुकडा काळा पडू शकतो. एवढ्या कमी वजनाच्या बाळांपैकी साधारण 5 ते 10 टक्क्यांना हा आजार गाठतो, आणि त्यातली 20 ते 30 टक्के दगावतात.

आईचं दूध संरक्षण देतं हे 1990 मधल्या ब्रिटिश अभ्यासाने ठळकपणे दाखवलं: फक्त पावडरच्या दुधावरच्या बाळांत एनईसी 6 ते 10 पट जास्त. दूध सावकाश वाढवलं तर आजार टळेल, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. 2019 मध्ये 2800 वर बाळांची चाचणी प्रसिद्ध झाली आणि दूध वाढवण्याच्या वेगामुळे काही फरक पडत नाही असं दिसलं. असे प्रश्न सोडवायला वर्षं लागतात, आणि रात्रपाळ्या करणाऱ्या नव्या डॉक्टरकडे नेमकी तीच नसतात.

तुमच्याआधी दोन ठिकाणांहून माझा अर्ज परत आला होता. कारण एकच: प्राथमिक निष्कर्ष नाहीत. आता ते निष्कर्ष पैशांशिवाय आणायचे कुठून? आधी पोहून दाखव, मग पाण्यात सोडू, असा प्रकार. तुम्ही मात्र रिकाम्या रकान्यावर न अडता प्रश्न वाचलात. रक्कम मोठी नव्हती. तिच्यातून उणे 80 अंशांचा एक फ्रीझर आला, एका परिचारिकेचे तास विकत घेता आले आणि मला आठवड्यातले दोन दिवस ड्युटीतून मोकळे मिळाले. त्या दोन दिवसांचं मोल मी फ्रीझरपेक्षा जास्त लावते. घरच्यांना विचाराल तर ते सांगतील, ही बाळांची शी गोळा करते. खरंच आहे ते. आजार दिसण्याआधीच आतड्यातले जीवाणू बदलतात का, हे बघायचं तर पहाटे तीनचा डायपरही फेकून चालत नाही.

पैशांइतकाच उपयोगी पडला तुमचा अर्धा पानी अभिप्राय. पोट फुगलेलं प्रत्येक बाळ मी एनईसीत धरलं होतं. एनईसीची तीव्रता टप्प्यांत मांडणाऱ्या बेलच्या वर्गीकरणातल्या पहिल्या टप्प्यात नुसतं दूध न पचणारी बाळंही येतात, तेव्हा दुसऱ्या टप्प्यापासूनच मोजा, हे तुम्ही सुचवलंत. आतड्याला आपोआप छिद्र पडलेली बाळं वेगळी ठेवा, तो आजारच निराळा, हेही. वाचून तेव्हा चिडले होते, कारण माझा आकडा निम्म्यावर आला. ती चूक तशीच राहिली असती तर आज हाती नुसती भेसळ असती.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मी तेव्हा गोलमाल उत्तर दिलं होतं. प्रतिजैविकांनीही आतड्यातले जीवाणू बदलतात, मग पहिल्या दिवसांत ती मिळालेल्या बाळांचं काय करणार, असं तुम्ही विचारलं होतंत. 'संख्याशास्त्रीय पद्धतीने समायोजन करू', म्हणजे औषधांचा परिणाम हिशेबातून वगळू, असं मी लिहिलं, आणि ते तुम्ही सोडून दिलंत. खरं उत्तर आता देते. आमच्याकडच्या बहुतेक बाळांना ती मिळतातच, तुलनेला न मिळालेली बाळं जेमतेम उरतात, आणि नुसत्या समायोजनाने हे सुटणार नाही. म्हणून आता 'हो-नाही' लिहिणं बंद केलंय. कोणतं औषध, किती दिवस, शेवटचा डोस आणि नमुना यांत किती तास, हे नमुन्याच्या प्रत्येक नळीवर नोंदवते. सुरुवातीच्या नळ्यांवर ही नोंद नाही. जुन्या केसपेपरांतून ती शोधणं चालू आहे.

आपली कृतज्ञ,
एक अर्जदार