वाचणाऱ्याचं नाव कोणाला कशाला हवं?

बेंगळुरू

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, इंटरनेटवर आपण काय वाचतो, काय शोधतो ते टिपलं जातं, असं मी परवा फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आम्ही दोघं म्हातारी माणसं. आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" फोनवर अशा गोष्टी अर्ध्यावर राहतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो, तेव्हा घाई न करता वाचा, आणि आईलाही मोठ्याने वाचून दाखवा.

आजोबांच्या रेडिओची गोष्ट तुम्हीच मला सांगितलीत. 25 नोव्हेंबर 1955 ला गोव्याच्या सरहद्दीपलीकडच्या जंगलातून गोवामुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र सुरू झालं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोन तरुण माणसं सहा वर्षं रानात राहून ते चालवत होती, कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापता येत नव्हती, आणि त्याच काळात आजोबा दारं लावून, आवाज अगदी बारीक करून त्या बातम्या ऐकत. तुम्ही लहान होता, तुम्हाला दाराशी राखणीला बसवत.

आता मला सांगा, आजोबांकडे लपवण्यासारखं काय होतं? देवळाचा हिशेब चोख ठेवणारा माणूस. त्यांना फक्त बातम्या ऐकायच्या होत्या, आणि आपण काय ऐकतो याची नोंद कोणाच्या वहीत होऊ नये एवढीच इच्छा होती. रेडिओची खासियत अशी की दाराबाहेर आवाज गेला नाही की काम भागलं. घराघरांत कोण कान लावून बसलंय, हे पोलिसांना सोडाच, रानातून बोलणाऱ्या त्या दोघांनाही कळत नव्हतं.

इंटरनेटवर तसं होत नाही. तुम्ही सकाळी फोनवर पेपर उघडता, तेव्हा ते पान तुमच्या फोनपर्यंत यायला एक पत्ता लागतोच. त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. तेवढं समजण्यासारखं आहे. पण त्याबरोबर फोनचं मॉडेल, पडद्याचा आकार, भाषा, कुठल्या पानावरून आलात, कुठल्या बातमीवर किती वेळ थांबलात, हेही टिपलं जातं. टिपणारा तो पेपर एकटाच नसतो. त्या पानावर ज्यांच्या जाहिरातींची यंत्रणा बसवलेली असते त्या परक्या कंपन्याही टिपतात. त्या तुमच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे ज्या अ‍ॅपमध्ये तुम्ही साइट उघडता त्यात, कुकी नावाची एक छोटी खूण ठेवून जातात, आणि उद्या तुम्ही दुसऱ्याच कुठल्या साइटवर गेलात की तीच खूण बघून तुम्हाला ओळखतात. कुकी 1994 मध्ये निघाली ती साध्या कामासाठी, साइटला गिऱ्हाईक लक्षात राहावं म्हणून. पाळतीसाठी तिचा वापर नंतर सुरू झाला.

मी जाहिरातींच्या धंद्यातच नोकरी करते, म्हणून हे जवळून बघते. तुमचं पान उघडेपर्यंत, डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात, त्या पानावरच्या रिकाम्या चौकोनाचा लिलाव होऊन जातो. बोली लावणाऱ्यांपुढे एक ओळ येते. तिच्यात नाव नसतं. एक लांबलचक आकडा, फोनचा प्रकार, अंदाजे ठिकाण, वय साठच्या वर, आवडी म्हणून नाटक, शेती, देवदर्शन, आणि शेवटी 'सांधेदुखी'. अशी ओळ मी पहिल्यांदा पडद्यावर पाहिली तेव्हा मला तुम्हीच आठवलात. कोण जाणे, तुमची असेलही. आणि ज्यांची बोली हरते त्यांनाही ती ओळ बघायला मिळालेली असते.

"नाव नाही ना त्यात, मग झालं तर," असं तुम्ही म्हणाल. म्हणून 2006 सालची अमेरिकेतली एक गोष्ट सांगते. एओएल नावाच्या कंपनीने संशोधकांसाठी म्हणून साधारण साडेसहा लाख लोकांनी तीन महिन्यांत शोधलेल्या गोष्टींची यादी खुली केली. सुमारे दोन कोटी शोध. नावं काढून प्रत्येकाला फक्त एक क्रमांक दिला होता. न्यू यॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी त्यातला एक क्रमांक निवडला आणि नुसते शोध वाचत गेले. बोटं बधिर होणं. एका गावातले बागकाम करणारे. एका आडनावाची बरीच माणसं. घरभर घाण करणारा कुत्रा. थोड्याच दिवसांत ते जॉर्जियातल्या एका 62 वर्षांच्या विधवा बाईच्या दारात उभे राहिले, आणि हे शोध माझेच, असं तिने कबूल केलं. पण मला चटका लावून गेली ती पुढची गोष्ट. त्यातले बरेचसे आजार तिचे नव्हतेच. मैत्रिणींना धीर द्यावा म्हणून ती त्यांच्या दुखण्यांची माहिती शोधत असे.

आई, हे तर हुबेहूब तुझंच वर्णन झालं. वाड्यावर कोणालाही काही झालं की तू फोन काढून वाचत बसतेस आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सांगून येतेस. तुझ्या नावावर आज किती रोग जमा झाले असतील, याचा विचार कर. कुठल्या यादीत तू हृदयरोगी असशील, कुठल्या यादीत मधुमेही.

आणि खरंच तुझं स्वतःचं दुखणं असेल तर? मोतीबिंदूचं तू आधी कोणालाच सांगितलं नव्हतंस, मलासुद्धा. रात्री फोनला विचारलंस. मग जिकडेतिकडे चष्म्यांच्या आणि ऑपरेशनच्या जाहिराती, आणि आठवडाभरात 'मोफत तपासणी'चे फोन. "यांना कसं कळलं गो?" असं तू मला विचारलंस तेव्हा तुझा आवाज कापत होता. जाहिराती आल्या त्या शोधामुळे आणि तू वाचलेल्या पानांमुळे. फोन आले ते एका पानावर 'माहितीसाठी नंबर भरा' असा फॉर्म होता, त्यामुळे. त्या फॉर्मखाली बारीक अक्षरांत आपली माहिती इतरांना देण्याची परवानगी असते. ती वाचायला तुला मोतीबिंदू नसता तरी भिंग लागलं असतं. यात तुझी काही चूक नाही. घाबरलेल्या माणसाला निवांतपणे, कोणी बघत नसताना प्रश्न विचारता आला पाहिजे. तुझा तो हक्क काढून घेतला गेला, याचाच मला राग आहे.

गावातही सगळ्यांना सगळं कळतं, हे बाबांचं म्हणणं खरं आहे. आपल्याकडे कोण पाहुणे आले, भाटात नारळ किती पडले, हे शेजारणीला आपल्या आधी ठाऊक असतं. पण ती शेजारीण आपल्याला दिसते. ताप आला तर तीच पेज घेऊन येते, आणि नको ते बोलली तर तिला तोंडावर विचारता येतं. त्या लांबलचक आकड्यामागे बसलेल्यांना कुठे जाऊन विचारायचं?

बाबा, आता तुमच्या दोन समजुती. एक, इन्कॉग्निटो खिडकी उघडली की कोणाला काही कळत नाही. तसं नाही. त्या खिडकीत काय पाहिलं ते तुमच्या फोनच्या इतिहासात राहत नाही. म्हणजे नातवाने फोन घेतला तर त्याला दिसणार नाही, एवढंच. साइटला कळतं, नेट पुरवणाऱ्यालाही साइटचं नाव कळतं. याच मुद्द्यावर अमेरिकेत 2020 मध्ये गूगलवर दावा झाला आणि 2024 च्या तडजोडीत अशा नोंदी नष्ट करायचं कंपनीने मान्य केलं. खिडकीचा मजकूरही बदलावा लागला.

दुसरी समजूत व्हीपीएनची. भाच्याने तुमच्या फोनमध्ये फुकटचा टाकून दिलाय तो. व्हीपीएन तुमची सगळी ये-जा आधी आपल्या यंत्रावर नेतो आणि तिथून पुढे पाठवतो. त्यामुळे नेट पुरवणाऱ्याला तुम्ही कुठे जाता ते दिसत नाही आणि साइटला तुमचा खरा पत्ता दिसत नाही. पण व्हीपीएनवाल्याला दोन्ही दिसतं. म्हणजे विश्वास एकाऐवजी दुसऱ्यावर ठेवला. तो दुसरा कोण, आणि फुकट चालवायला त्याला परवडतं कसं, हे ठाऊक नसेल तर तो फोनमध्ये असण्यापेक्षा नसलेला बरा. त्यातून 2022 च्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने हुकूम काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांचे तपशील पाच वर्षं जपून ठेवावेत. त्यानंतर काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातली यंत्रंच काढून घेतली. शिवाय व्हीपीएन चालू ठेवून तुम्ही आपल्याच नावाच्या गूगल खात्यात शिरलात तर गूगलला तुम्ही कोण ते कळणारच. कृपा करून तो काढून टाका.

खरोखर निनावी राहायचं असेल तर टॉर नावाचा ब्राउझर आहे. तो मजकुराला एकात एक अशी तीन वेष्टनं घालतो आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणांवरून फिरवतो. पहिल्याला पाठवणारा माहीत, शेवटच्याला साइट माहीत, पण दोन्ही कोणालाच माहीत नसतात. मूळ कल्पना अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतली, आणि आज जगभरचे पत्रकार ते वापरतात. तुम्हाला रोज त्याची गरज नाही. तो संथ चालतो, आणि बँकेचं काम त्यावर करू नये. पण असं काही आहे आणि ते वापरणं हा गुन्हा नाही, हे ठाऊक असू द्या. रानातल्या त्या दोघांना आज केंद्र चालवायचं असतं तर त्यांनी असंच काहीतरी शोधलं असतं.

तुमच्यासाठी मला पुरेसं वाटतं ते यापेक्षा बरंच सोपं आहे. फोनमध्ये फायरफॉक्स घालू या आणि त्याला यूब्लॉक ओरिजिन नावाचा जाहिराती अडवणारा जोड लावू या. पाळतीच्या बहुतेक यंत्रणा तो दारातच अडवतो, शिवाय पेपरची पानं भराभर उघडतात. शोधायला डकडकगो. आई, दुखण्याखुपण्याचं सगळं त्यावरच शोध, गूगल खात्याशी त्याची सांगड राहत नाही. मराठीत कधी कधी त्यावर नीट सापडत नाही, तेव्हा गूगलवर जा, पण खात्यात न शिरता. फोनच्या सेटिंगमध्ये 'जाहिराती' असा भाग असतो, तिथला जाहिरात क्रमांक पुसून टाकता येतो. लोकेशनची परवानगी फक्त नकाशाला, तीही 'वापरत असताना'. विजेरीच्या अ‍ॅपला तुम्ही कुठे आहात ते कशाला हवं? गूगल खात्यातला जुना इतिहास तीन महिन्यांनी आपोआप पुसला जाईल अशी सोय आहे, ती लावून टाकते. कुकीचा फलक आला की 'सगळं मान्य'वर बोट ठेवू नका, बहुतेकदा शेजारी बारीक अक्षरांत 'नाकारा' असतं.

कागदांचं मात्र मला जास्त भय वाटतं. बाबा, जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढताना तुम्ही झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधार कार्ड पाठवता आणि ते त्याच्या फोनमध्ये तसंच पडून राहतं. आधारच्या साइटवरून फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत काढता येते, जिथे चालेल तिथे तीच द्या. बोटांचे ठसे कुलूपबंद करायची सोय तिथेच आहे. गोव्यात खोट्या कागदांनी जमिनी बळकावल्याची इतकी प्रकरणं झाली की 2022 मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. आपल्या कुळागराचे सर्व्हे नंबर, तुमची सही आणि आधार एकाच अनोळखी फोनमध्ये असू नयेत. आणि काशीला गेलात की तिथले फोटो परत आल्यावर टाका. घर बंद आहे हे फेसबुकला आधीच कळवायची गरज नाही.

'डिजिटल अरेस्ट'वाले, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून फोनवरच अटक केल्याची भीती घालणारे चोर नेमके याच माहितीवर जगतात. ते फोनवर तुमचं नाव, आधारचे आकडे, मुलगी कुठे असते हे सांगतात, म्हणून माणूस गडबडतो. असली अटक कुठल्याही कायद्यात नाही. फोन ठेवून द्यायचा, आणि पैसे गेलेच तर तत्काळ 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

बाबा, वयाचं कारण तर तुम्ही सांगूच नका. खासगीपणाचा हक्क आज राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क मानला जातो, तो न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामींमुळे. कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले हे गृहस्थ 2012 मध्ये आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा 86 वर्षांचे होते. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला. पुट्टस्वामींकडे तरी लपवण्यासारखं काय होतं?

चतुर्थीला येते आहे. माटोळी बांधून झाली की दुपारी दोघांचे फोन माझ्याकडे द्या, तासाभराचं काम आहे. तोपर्यंत एवढंच करा: तो फुकटचा व्हीपीएन काढा, आणि कुठल्याही 'मोफत' फॉर्मात नंबर भरू नका. आई, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मंगळवारी जायचं ठरलंय ना? काय विचारायचं ते कागदावर लिहून ने, आणि मनात आणखी काही असेल तर रात्री कितीही वाजता मला फोन कर.

तुमची लेक