‘पाप कोणी केले?’ या प्रश्नाच्या पलीकडे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत दुःख आणि श्रद्धा या विषयावर आलेला लेख लक्षपूर्वक वाचला. श्रद्धा माणसाला दुःख निमूटपणे सोसायला शिकवते आणि म्हणून ते दूर करण्यासाठी तो हातपाय हलवीत नाही, असा लेखकाचा मुख्य आक्षेप आहे. तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही, कारण श्रद्धेच्या नावाने असे घडताना मीही पाहिले आहे. परंतु ख्रिस्ती श्रद्धा दुःखाविषयी नेमके काय सांगते, याचा त्या लेखात विचार झालेला नाही. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरपासून थेट अक्कलकुवा-धडगावपर्यंतच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलने पिढ्यान् पिढ्या मुक्काम केलेला असताना, हा प्रश्न नुसत्या तात्त्विक चर्चेचा राहत नाही.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांत, सांध्यांत, पोटात, छातीत ज्या कळा उठतात त्या पाहणाऱ्यालाही सहन होत नाहीत. आईवडील दोघेही केवळ वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाला हा दोष एकाच पालकाकडून आलेला असेल, तर त्यांना स्वतःला सहसा काही त्रास जाणवत नाही, पण प्रत्येक गरोदरपणात बाळाला पूर्ण आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे, अतिश्रम यांनी कळा वाढतात. आणि दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या आमच्या कुटुंबांच्या वाट्याला नेमके हेच सारे येते. वाहकाला हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणून हिवतापाच्या जंगलपट्ट्यांत हा गुण टिकून राहिला, असे वैद्यकशास्त्र सांगते. गावात मात्र याची वेगळीच कारणे सांगितली जातात. कोणी म्हणते पूर्वजांचे पाप फिरून आले, कोणी म्हणते बाहेरचे काही झाले, आणि बहुतेक वेळा शेवटी बोट सुनेकडे वळते, की हिनेच हे घरात आणले. दोष आईकडून आणि वडिलांकडून सारखाच आलेला असतो, हे ऐकून घ्यायला तिथे कोणी तयार नसते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात नेमका हाच प्रसंग आहे. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस वाटेत दिसतो आणि शिष्य येशूला विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. देवाची कार्ये या माणसाच्या ठायी प्रकट व्हावीत, असे तो म्हणतो, आणि लगेच पुढे सांगतो की दिवस आहे तोवर ज्याने मला पाठवले त्याची कामे आपल्याला केली पाहिजेत. मग तो थुंकीने चिखल करतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोहच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. देवाने आपला महिमा दाखवण्यासाठी एका निष्पाप जिवाला जन्मभर अंधारात ठेवले, असा या वचनाचा अर्थ काही जण लावतात. मला तो पटत नाही. शिष्यांचे लक्ष मागे, दोषाच्या शोधात गुंतलेले होते. येशूने ते पुढच्या कामाकडे वळवले आणि स्वतःचे हात चिखलात घातले. ख्रिस्ती माणूस दुःखात हेतू शोधतो तो या दिशेने. हे माझ्यावर का आले, याचे उत्तर त्याला बहुधा मिळत नाही. आता हे घेऊन मी काय करावे, याचे उत्तर मात्र हळूहळू मिळू लागते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. हा हेतू ज्याचा त्याने शोधायचा असतो. शेजाऱ्याने तो बाहेरून हातात ठेवायचा नसतो. मूल गमावलेल्या आईपुढे बसून ‘देवाची काही योजना असेल’ असे म्हणणाऱ्यांनी ईयोबाचे पुस्तक पुन्हा वाचावे. मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर त्यांनी योग्य तेच केले. तोंड उघडल्यावर मात्र ते त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले, त्याचे पाप शोधू लागले. त्या ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो ईयोबावर नव्हे. देवाला धारेवर धरणारा, जन्मदिवसाला शाप देणारा ईयोब योग्य बोलला असे देव म्हणतो, आणि देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांनाच दोषी ठरवतो. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा बाविसाव्या स्तोत्रातला आक्रोश खुद्द येशूने वधस्तंभावर केला, आणि त्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत, शक्य असेल तर हा दुःखाचा प्याला टळो, अशी प्रार्थनाही केली. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी असा आक्रोश आहे, तो माणसाला निमूट राहायला सांगतो, असे म्हणणे त्या धर्मावर अन्याय करणारे आहे.

धीराविषयी येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते. हे वचन आमच्याकडे घरोघरी भिंतीवर असते आणि म्हणूनच कदाचित ते घाईने वाचले जाते. लिहिणाऱ्याने फटके खाल्ले होते, तुरुंग भोगला होता, त्याची जहाजे फुटली होती. त्याच्या शरीरात एक ‘काटा’ होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच उत्तर मिळाले आणि तेवढ्यावर तो चालत राहिला. मात्र याच पौलाच्या सोबत लूक नावाचा वैद्य होता, ज्याला तो प्रिय म्हणतो, आणि पोटाच्या व वारंवारच्या दुखण्यासाठी आपला तरुण सहकारी तीमथ्य याला थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्लाही त्यानेच दिला. कृपा पुरे आहे असे मानणाऱ्या माणसाने औषध टाकून दिले नाही, हे लेखकमहाशयांनी आणि त्याहूनही अधिक आमच्या काही प्रार्थनासभांनी लक्षात घ्यावे. आजारी माणसाला ‘गोळ्या बंद कर, तुझा विश्वास कमी पडतो’ असे सांगणारे लोक आमच्यात आहेत, ही खेदाची गोष्ट आहे. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरील औषधाच्या नियमित गोळ्यांनी कळांचे प्रमाण कमी होते. त्या सोडायला लावणे म्हणजे आजाराच्या भारावर अपराधाचा भार टाकणे आहे.

मी शिक्षक होतो. माझ्या वर्गात सिकलसेलचा एक मुलगा होता, त्याचे नाव इथे लिहीत नाही. हिवाळा आला की त्याची हजेरी तुटायची. दुखणे ओसरले की तो परत यायचा आणि बुडालेला अभ्यास वहीत उतरवून घ्यायचा. त्याच्या आईला मी एकदा विचारले की इतके बळ कुठून आणता. ती म्हणाली, ‘गुरुजी, रात्री तो ओरडतो तेव्हा मी देवाशी भांडते, आणि सकाळी त्याला दवाखान्यात नेते.’ आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायका तिच्या घरी आळीपाळीने येत, पाणी तापवून शेक देत, धाकट्या भावंडांना जेवू घालत. त्या मुलाचा आजार गेला नाही, आज तो तरुण आहे आणि आजही गोळ्या घेतो. पण आजूबाजूच्या पाड्यांवर कुणाच्या मुलाचे सांधे सुजले की त्याला तपासणीला घेऊन जाणारा तोच असतो. हे काम त्याला कोणी नेमून दिलेले नाही.

महाराष्ट्राला याचे फार मोठे उदाहरण ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंनी कोवळ्या वयात दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले आणि हाती लहानगी मुलगी मनोरमा उरली. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण आपली बुद्धी कोणाकडे गहाण टाकली नाही. इंग्लंडमधील ज्या भगिनींनी, म्हणजे मठातल्या संन्यासिनींनी, त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशीही त्या पत्रांतून धर्माविषयी निर्भीडपणे वाद घालत राहिल्या. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा उपासमारीने खंगलेल्या मुलींना त्या मध्य प्रांतातून घेऊन आल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे राहिले. भुकेने माणूस कसा मरतो हे ज्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते, त्यांनीच त्या मुलींना ओळखले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. त्या वेळी ऐकू येणे कमी झालेल्या, थकलेल्या रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याच्या कामात होत्या, आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते सोडले नाही. या बाईंच्या श्रद्धेने त्यांचे हातपाय बांधले, असे कोण म्हणेल?

केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले आणि २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले. तपासणी, समुपदेशन आणि औषधे यांवर त्याचा भर आहे, परंतु पाड्यावरच्या माणसाने तपासणीला यावे यासाठी आधी त्याच्या मनातली लाज जायला हवी, आणि ते काम सरकारी पत्रकाने होत नाही. आमच्या मंडळ्यांत लग्नाआधी उपासनेत वधूवरांची नावे जाहीर वाचली जातात. माझी खानदेशातील सर्व पाळकांना आणि वडीलमंडळींना विनंती आहे की त्याच्या कितीतरी आधी, मुलामुलींची बोलणी सुरू होण्यापूर्वीच, तरुणांच्या सभेत सिकलसेलची तपासणी करून घेण्याविषयी बोलावे. योहानाचा नववा अध्याय त्याच सभेत वाचावा. आणि वाहक निघालेल्या मुलीकडे बोट दाखवले जाणार नाही, तिची गोष्ट चव्हाट्यावर येणार नाही, याची जबाबदारी मंडळीने घ्यावी. आपणही आपल्या जिल्हा आवृत्तीत तपासणीची ठिकाणे आणि दिवस नियमित छापावेत, म्हणजे रविवारी उपासनेनंतर ते वाचून दाखवता येतील.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त शिक्षक, नवापूर (जि. नंदुरबार)