आई-बाबा, मी इजिप्तला चाललेय

ती. आई-बाबा,
सा. न.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर सांगायला गेले की आई "थांब, बाबांना देते" म्हणते, आणि बाबांना निम्मं ऐकू येतं, उरलेलं निम्मं ते ऐकू आल्यासारखं करतात. म्हणून लिहितेय. बाबा, कानाचं मशीन कानात घालायला घेतलंय, कपाटात ठेवायला नाही.

तर संक्रांत झाली की मी इजिप्तला जातेय. ग्रुप टूरबरोबर. पैसे भरून झाले, रजा मंजूर झाली, व्हिसाचे कागद टूरवाल्यांकडे गेले. आता रद्द केलं तर पैसे मिळत नाहीत. म्हणजे मिळतात, पण कापून मिळतात, आणि किती कापतात ते बाबांना कळलं तर ते स्वतः मला विमानतळावर सोडायला येतील.

एफडी मोडलेली नाही. मनूच्या हॉस्टेलच्या पैशांना हात लावलेला नाही. हे माझे दर महिन्याला बाजूला टाकलेले पैसे आहेत आणि ते कशासाठी टाकतेय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्या जावयाला दगडांत रस नाही, त्यानं आधीच सांगितलं, "तू जा, मी इथे शांतपणे मॅच बघतो." मनूची परीक्षा आहे. मार्चनंतर तिकडे ऊन वाढायला लागतं, आणि पुढच्या वर्षी म्हणावं तर माझेही गुडघे आता जिना चढताना बोलायला लागलेत. आई, लगेच तेल पाठवू नकोस. अजून दुखत नाहीत, नुसते बोलतात.

एकटी नाहीये मी. मराठी माणसांचा ग्रुप आहे, इथूनच टूर मॅनेजर बरोबर येणार, आणि तिकडचा परवानाधारक गाइड वेगळा. सहा-सात-आठ असतं त्यांचं सगळं: सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस. बसमध्ये चढताना डोकी मोजतात, बाबा शाळेच्या सहलीत मोजायचे तशी. खोलीत जोडीला बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, त्यांच्याशी फोनवर बोलले. घोरतात म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या घरात वाढलेल्या माणसाला घोरण्याचं काय.

जेवणाचंही ऐक आई. टूरमध्ये एक वेळ तरी भारतीय जेवण असतं, आणि तिकडचं शाकाहारीही वाईट नाही. कोशारी म्हणून एक प्रकार असतो, भात, मसूर, मॅकरोनी, वर छोले, तळलेला कांदा आणि टोमॅटोचं आंबट-तिखट. सकाळी 'फूल' नावाचा पदार्थ असतो, म्हणजे शिजवलेल्या घेवड्यासारख्या शेंगेच्या बियांची उसळच म्हण, आणि भाकरीसारखा फुगलेला पाव. तरी मेथकूट आणि दशम्या नेईन. चिवड्याचा मोठा डबा करू नकोस, बॅगेचं वजन मोजतात.

लक्सरला पहाटे फुग्यात बसवून वर नेतात. त्याचे पैसे वेगळे असतात आणि ते मी भरलेले नाहीत. २०१३ साली तिथे फुग्याचा मोठा अपघात झाला होता, बाबांनी बातमी वाचली असणार. तेव्हा तो विषय संपला. उंटावरही बसणार नाही. उंटाबरोबर फोटो काढीन, कारण नाही काढला तर मनू बोलेल.

आता मुख्य गोष्ट. तिच्यापर्यंत यायला मी इतके परिच्छेद लावले हे बाबांनी ओळखलं असेलच.

तुम्हाला का नेत नाही.

बाबा, तुमच्या नावाचाही फॉर्म मी आणला होता. अँजिओप्लास्टीनंतरच्या तपासणीला आलो तेव्हा तुम्ही बाहेर बसला होतात, मी डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले, विमान चालेल, सपाटीवर चालणं चालेल. चढ-उतार, धावपळ आणि पहाटेची थंडी नको. आणि या टूरमध्ये चढ-उतार, धावपळ आणि पहाटेची थंडी एवढंच आहे. खुफूच्या पिरॅमिडच्या आत जायचं तर जेमतेम चार फूट उंचीच्या बोळातून वाकून चढत जावं लागतं, हवा कोंदट. राजांच्या खोऱ्यातली थडगी डोंगरात खाली खाली जातात, आणि जेवढं उतराल तेवढं चढून यायचं. अबू सिंबेल अस्वानहून जवळजवळ २८० किलोमीटर, त्यासाठी बस अंधारात निघते. जानेवारीत लक्सरला दुपारी आपल्यासारखं ऊन आणि पहाटे सहा-सात डिग्री.

आणि आईचा गुडघा. नाईलवरची क्रूझ म्हणजे आरामात खुर्चीत बसून नदी बघणं असं मलाही वाटायचं. पण धक्क्याला जहाजं एकाला एक चिकटून उभी करतात. आपलं जहाज तिसरं असलं तर आधीच्या दोन जहाजांच्या दिवाणखान्यातून आरपार जायचं, प्रत्येक ठिकाणी उंबरा आणि फळी. फिलेच्या देवळात जायला मोटरबोट, धक्क्यावरून पाय टाकेपर्यंत ती हलत असते. तिथे तुला कोणी हात दिला असता आणि तू "मला येतं" म्हणून तो झटकला असतास. मी तुला ओळखते.

व्हीलचेअरचा विचार केला. काही ठिकाणी चालतेही म्हणे. पण अर्ध्या गोष्टी खालून बघायला तुम्हाला एवढ्या लांब न्यायचं, आणि तुम्ही दोघांनी "आम्ही इथेच बसतो, तू जाऊन ये" म्हणायचं, ते माझ्याच्यानं झालं नसतं.

बाबा, हे तुमचं गाव होतं, मला माहीत आहे. निळ्या खडूनं फळ्यावर नाईल काढून तुम्ही विचारायचात, "वरचा इजिप्त नकाशात खाली का?" आणि आम्ही सगळे गप्प. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते म्हणून, हे उत्तर मला पाठ होतं, पण घरातल्या मुलीनं वर्गात हात वर करायचा नाही असा तुमचा नियम. तेव्हा जायचं राहिलं. ते पैसे कशाला लागले ते आपल्या तिघांना माहीत आहे, आणि दादाला ते कळू द्यायचं नाही हेही. मी त्याबद्दल कधी बोलले नाही. आत्ताही बोलत नाहीये.

बडोद्याला सयाजीबागेतल्या संग्रहालयात मला ममी दाखवलीत ते आठवतं? मी तुमच्या लेंग्याला धरून मागे लपले होते आणि तुम्ही हळूच म्हणालात, "झोपलीय ती, तिला उठवू नकोस." परतताना एसटीत गार लागतं म्हणून आईनं मला शालीत गुंडाळलं, तर मी रडून अख्खी गाडी डोक्यावर घेतली होती, मला ममी करताय म्हणून. कंडक्टरनं गोळी दिली तेव्हा गप्प झाले. आता तुतनखामुनपाशी जाईन. हॉवर्ड कार्टर या संशोधकाला १९२२ च्या नोव्हेंबरात ज्या थडग्याची पहिली पायरी सापडली, त्याच थडग्यात तो अजून आहे. सोनं-नाणं सगळं कैरोला गेलं, तो तिथेच. बाकीच्या राजा-राण्यांपैकी बावीस जणांना २०२१ साली मिरवणुकीनं कैरोतल्या नव्या संग्रहालयात नेलं. तुम्ही टीव्हीवर बघत बसला होतात आणि आईची मालिका चुकली होती.

तुतनखामुनचा मुखवटा गिझाच्या मोठ्या संग्रहालयात ठेवलाय, तेही टूरमध्ये आहे. आई, दहा किलोच्या वर सोनं आहे. तोळ्यात सांगायचं तर पावणेनऊशेच्या घरात. आता बस हिशेब करत.

आणि बाबा, पिरॅमिड गुलामांनी बांधले असं ग्रुपमध्ये कोणी म्हणालं तर मी गप्प बसणार नाही. तुमचा तो ठरलेला प्रश्न विचारीन, "बांधणाऱ्यांना जेवायला कोण घालत होतं?" गिझालाच कामगारांच्या वस्तीत पाव भाजायच्या भट्ट्या सापडल्यात, त्यांची थडगी सापडलीत, पिरॅमिडच्या सावलीत बांधलेली. तुम्हाला मेरेरबद्दल सांगितलं होतं का? खुफूच्या वेळचा मुकादम. तुरा नावाच्या ठिकाणच्या खाणीतला चुनखडीचा दगड होडीनं गिझाला आणायचा आणि रोजची नोंद ठेवायचा: आज कुठे होतो, किती खेपा, मुक्काम कुठे. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला २०१३ साली त्या नोंदींचे पपायरस, म्हणजे तेव्हाचे लव्हाळ्याचे कागद, सापडले. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं हजेरीपत्रक, बाबा. तुमची शाई सांडलेली मस्टरं आईनं रद्दीत घातली म्हणून तुम्ही किती दिवस अबोला धरला होतात!

आई, तुझ्यासाठी फिले बघून येते. तुला वाटेल मला काय त्याचं, पण ऐक. अस्वानचं पहिलं धरण १९०२ मध्ये झालं आणि ते देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्यात राहू लागलं. लोक होडीनं खांबांमधून फिरायचे. अगदी आपल्या पळसदेवसारखं, उजनी धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या देवळाचं शिखर दिसायला लागतं तसं. पुढे मोठं धरण आलं तेव्हा युनेस्कोनं जगभरातून पैसे जमवले, देवळाचे दगड सुटे केले आणि शेजारच्या उंच बेटावर पुन्हा रचले. अबू सिंबेलचा तर डोंगरच कापला, १९६४ ते ६८, आणि साठ-पासष्ट मीटर वर नेऊन बसवला. "आमच्या देवळाला कोण येणार होतं करवत घेऊन," असं तू म्हणणार. म्हण. पण तू पुढे काय विचारशील तेही मला माहीत आहे, माणसांचं काय झालं? न्युबियन लोकांची गावं पाण्याखाली गेली, ती कोणी उचलून वर नेली नाहीत. बऱ्याच जणांना उठवून कोम ओम्बोच्या बाजूला वसवलं. आमचं जहाज कोम ओम्बोला थांबतं. तिथे मगरीच्या देवाचं देऊळ आहे, मगरींच्या ममी आहेत, सगळे ते बघतील. मी गाइडला त्या वसाहतीबद्दल विचारणार आहे. मामाला सांग, त्याच्या नावानं विचारते म्हणून. त्याचा धरणाच्या मोबदल्याचा राग अजून गेलेला नाही.

बरं, आता माझ्या मागची व्यवस्था. वाद नको, ठरलंय सगळं.

स्वयंपाकाच्या मावशी दोन्ही वेळा येतील, पैसे मी दिलेत, परत देऊ नका. दादा शनिवार-रविवार मुक्कामाला येईल. तो "बघतो" म्हणाला नाही, "येतो" म्हणाला, वहिनीसमोर म्हणाला. वरच्या काकांकडे जास्तीची किल्ली आहे. फिजिओथेरपीवाल्या ताई एक दिवसाआड येतील. आई, त्यांना चहा पाजून गप्पा मारून परत पाठवायचं नाही, व्यायाम करायचा. काठी फक्त फोटोपुरती नको. न्हाणीघरातली नवी दांडी धरायची, त्यावर पंचा वाळत घालायचा नाही.

बाबा, रक्त पातळ करायची गोळी चुकवायची नाही. "आज बरं वाटतंय" हे गोळी न घेण्याचं कारण होत नाही. औषधांचा डबा भरून ठेवून जाईन, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे आहेत, खुणा मोठ्या केल्यात. ब्लडप्रेशर वहीत लिहायचं, आणि खरं लिहायचं. मागच्या वेळी सगळे आकडे एका पेनानं एकाच बैठकीत लिहिलेले होते, मास्तरांच्या मुलीला तेवढं कळतं. छातीत जरा जरी जड वाटलं तर ॲसिडिटी म्हणून जिरं चघळत बसू नका. आधी काकांना हाक, मग दादाला फोन, मग मला. मी काळजी करीन म्हणून लपवलंत तर परत आल्यावर खरंच भांडेन.

तिकडची वेळ आपल्या साडेतीन तास मागे. तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिथले सहा, बस हॉटेलवर आलेली असते. तेव्हा रोज फोन करीन. एखाद्या दिवशी नाही लागला तर नेटवर्क नसेल, वाळवंट आहे. आई, लगेच देव पाण्यात घालू नकोस.

निघायच्या आधी संक्रांतीला येतेच आहे. तिळगूळ घेऊन भांडून घ्या, म्हणजे मग दहा दिवस शांतता.

बाबा, एक काम आहे. राजांच्या खोऱ्याच्या साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात, तुतनखामुनचं तिकीट वेगळं. दोन ठरवलीत, रामसेस तिसरा आणि मेरेनप्ता. तिसरं तुम्ही सांगा. रामसेस चौथ्याचं रुंद आणि सोपं आहे, छतावर आकाशदेवता नूत पसरलेली. थुटमोस तिसऱ्याचं उंच कड्यात आहे, खूप जिने, पण भिंतींवर म्हणे पपायरसवर काढावीत तशी नुसत्या रेघांची माणसं. आईला विचारू नका, ती सोपं म्हणेल. त्या दिवशी कुठलं उघडं असेल ते तिथेच कळणार, म्हणून एक जास्तीचं नाव लिहून ठेवा. संक्रांतीपर्यंत ठरवा.

तुमची,
चिमी

ता. क. चष्म्याचा नंबर बदललाय, नवा चष्मा दादाबरोबर पाठवतेय. जुना दोऱ्यानं बांधून वापरायचा बंद करा.